नाणं कोणाच्या हातात पडणार?

गेले काही महिने डोंबिवली-कल्याणच्या दोन-तीन महिला गटांमध्ये एक निवेदन फिरतं आहे. गिर्यारोहक स्त्रियांच्या सन्मानासाठी केंद्र सरकारने स्मारक नाणं काढावं, अशी त्यात मागणी आहे. २३ मे १९८४ रोजी बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, तेव्हा सरकारने त्याची दखल नाण्यावर घ्यावी, असं निवेदन लिहिणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं. ते आमच्याकडेही सह्यांसाठी आलं आणि बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, सह्या करून टाकू, त्यात आपलं काय जातं? काहीजणी म्हणाल्या, पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, मारहाणीच्या केसेस आहेत, ते सोडून नाण्यांच्या मागे कुठे लागायचं?

मला ही दोन्ही मतं अपुरी वाटतात. सही करायला हरकत नाही, पण मागणी जशी लिहिली आहे तशी मान्य करण्यासारखी नाही. का, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

नाण्याची मागणी क्षुल्लक आहे, असं मी मानत नाही. नोट, नाणं, तिकीट या सरकारच्या बोलण्याच्या जागा आहेत. कोणाला मोठं मानायचं, कोणाचं काम हे देशाचं काम म्हणायचं, हे सरकार तिथे सांगत असतं. न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर १९९२ पासून एडमंड हिलरींचं चित्र आहे. त्याच मालिकेतल्या दहा डॉलरच्या नोटेवर केट शेपर्ड आहेत. १८९३ साली तिथल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्या लढ्याच्या त्या पुढारी. म्हणजे बाजारात गेलेल्या माणसाच्या पाकिटात एव्हरेस्ट चढणारा आणि मतासाठी लढणारी बाई शेजारी शेजारी असतात, आणि बाईची किंमत दुप्पट! ही गंमत झाली, पण रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर बाईचं काम दिसणं याला अर्थ आहे.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. हिलरी आणि तेनझिंग २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारताच्या टपाल खात्याने त्यावर तिकिटं काढली. १९६५ मध्ये कॅप्टन एम. एस. कोहलींच्या नेतृत्वाखालच्या भारतीय मोहिमेतले नऊजण माथ्यावर पोचले, त्याचंही तिकीट लगेच निघालं. नेपाळने २००३ मध्ये पहिल्या चढाईच्या पन्नाशीनिमित्त नाणी पाडली. पर्वताच्या उंचीचा मान राष्ट्राच्या खात्यावर जमा करायची रीत अशी जुनी आहे, आणि तो जमा होताना चेहरा बहुतेक वेळा पुरुषाचा असतो.

स्त्रियांच्या नावाने भारत सरकारने नाणी काढली नाहीत असं नाही. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी 'समानता, विकास, शांती' या घोषणेची नाणी निघाली. त्यात दहा आणि पन्नास रुपयांची होती, तशी साधी दहा पैशांचीही होती. १९८० साली 'ग्रामीण महिला उन्नती'ची निघाली, दहा पैशांपासून शंभर रुपयांपर्यंत. यातली दहा पैशांची आणि पंचवीस पैशांची नाणी बाजारात फिरली. आपल्या आयांनी ती बसच्या तिकिटाला दिली असतील, कोथिंबिरीच्या जुडीला दिली असतील, आणि त्यावर काय लिहिलंय हे बघितलंही नसेल.

पुढे काय झालं? ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. स्त्रियांच्या समानतेचं जे नाणं गरीब बाईच्या हातात पडत होतं तेच गेलं. दहा, पन्नास आणि शंभर रुपयांची राहिली ती संग्राहकांच्या पेटीत. महागाईपुढे पैशांचा हिशेब टिकला नाही, त्यात कोणाचा कट होता असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाला आपण सगळ्यात लहान नाण्यात मोजतो, तो प्रश्न सगळ्यात आधी मोडीत निघतो, एवढं यातून शिकायला हरकत नाही.

त्या १९७५ सालची आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी १६ मे रोजी जपानच्या जुंको ताबेई एव्हरेस्टवर पोचल्या. जगातली एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री ती. अकरा दिवसांनी तिबेटच्या बाजूने फांतोग पोचल्या. ताबेईंनी १९६९ मध्ये केवळ स्त्रियांचा गिर्यारोहण गट काढला होता. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या तेव्हा त्यांना ऐकावं लागलं, की बायांनी घरी बसून मुलं सांभाळावी. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. पैसे पुरेनात म्हणून त्यांनी गाडीच्या सीटच्या जुन्या कव्हरांतून हातमोज्यांवरची आवरणं शिवली. चढाईच्या वाटेवर ४ मे रोजी हिमकडा कोसळून त्यांचा तंबू गाडला गेला, त्या बेशुद्ध पडल्या, आणि बारा दिवसांनी माथ्यावर उभ्या राहिल्या. महिला वर्षाची घोषणा नाण्यावर छापणाऱ्या सरकारांना त्या वर्षाचा खरा अर्थ सांगणारी ही बाई होती. शिवणयंत्र, लहान मूल, 'घरी बस' हे ऐकणं, आणि तरीही जाणं. यातलं काय आपल्या वस्तीतल्या बाईला परकं वाटेल?

म्हणून निवेदनातल्या एका शब्दावर माझा पहिला आक्षेप आहे. त्यात 'एव्हरेस्टवर विजय मिळवणाऱ्या वीरांगना' असं लिहिलं आहे. डोंगरावर विजय कोणी मिळवत नाही. डोंगर जागच्या जागी असतो, आपण चार घटका वर उभं राहून उतरतो. ही विजयाची भाषा सैन्याची आणि सत्तेची. ती उचलली, की मग वर पोचला तो वीर आणि बाकीचे कोणीच नाहीत, असा हिशेब होतो. १९५३ च्या मोहिमेचं सामान साडेतीनशेच्या आसपास हमालांनी पाठीवर वाहिलं. त्यात शेर्पा स्त्रियाही होत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? घरातही हेच होतं. मुलगा दहावीला पहिला आला की पेढे त्याच्या नावाने, आणि पहाटे चारला उठून त्याचा डबा केला ती फोटोत मागे, अर्धी कापलेली.

शेर्पा समाजातल्या बाईला वाहण्याचं काम होतं, माथा नव्हता. पासांग ल्हामू शेर्पांनी १९९३ साली स्वतः नेपाळी स्त्रियांची मोहीम उभी केली. २२ एप्रिलला त्या माथ्यावर पोचल्या. एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री. उतरताना हवा बिघडली आणि त्या परतल्या नाहीत. नेपाळ सरकारने मग त्यांच्या नावाचं तिकीट काढलं, एका शिखराला त्यांचं नाव दिलं. त्याच वर्षी बचेंद्री पालांच्या नेतृत्वाखाली भारत-नेपाळच्या स्त्रियांची मोहीम गेली. तिच्यातले अठराजण वर पोचले, त्यात सात स्त्रिया होत्या. बाईने बाईला दोर बांधून वर नेलं, ही आपल्या चळवळीला जवळची गोष्ट. पण मान देताना आपण पुन्हा एकटीचाच पुतळा शोधतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ठाणे जिल्ह्यात डोंगरांना तोटा नाही. माहुली आहे, मलंगगड आहे, मुरबाडकडे गोरखगड, सिद्धगड आहेत. शनिवारी रात्रीच्या कसारा आणि कर्जत लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली पोरं दिसतात. हल्ली त्यात मुलीही दिसतात, ही आनंदाची गोष्ट. पण त्या कोणत्या घरातल्या, हेही बघा. कल्याण पूर्वेत किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर मी काम करते. तिथल्या मुलींना 'ट्रेकला जायचंय' असं घरी सांगता येत नाही. रात्रीचं निघायचं, बरोबर मुलगे असणार, पँट घालायची, पाळी आली तर काय, डोंगरावर संडास नाही, आणि 'लोक काय म्हणतील?' एवढं सगळं पार करून ती स्टेशनवर पोचते, तेव्हा तिचा निम्मा गड चढून झालेला असतो. तो गड कुठल्या नाण्यावर येत नाही.

आणि चढणं म्हटलं तर आमच्या बायकांना ते नवं नाही. मुंब्र्याला, कळव्याला पारसिकच्या डोंगराच्या अंगावर चाळी वर वर चढत गेल्या आहेत. खालच्या नळावरून हंडे घेऊन वर जाणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. गरोदर बाई, म्हातारी बाई, शाळेत जायच्या आधी दोन खेपा करणारी मुलगी. पाऊस लागला की वरच्या घरातल्यांना झोप नसते. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड घरावर कोसळून एकाच कुटुंबातली माणसं गेली. मलंगगडाच्या पायथ्याच्या आणि मुरबाडच्या ठाकूर-कातकरी बाया मोळ्या डोक्यावर घेऊन ज्या वाटांनी उतरतात, त्या वाटांना आपण ट्रेक म्हणतो आणि चढून आल्यावर फोटो काढतो. ही तुलना मी गिर्यारोहक स्त्रियांना कमी लेखायला करत नाही. हौसेने चढणं हाही हक्क आहे. बाईला पोटापाण्यापलीकडे, लेकराबाळांपलीकडे, स्वतःसाठी काही करावंसं वाटणं हा चैनीचा विषय नाही. माझं म्हणणं इतकंच, की पायात तेवढंच बळ असलेल्या दोघींपैकी एकीला डोंगर हौसेचा आणि दुसरीला सक्तीचा का, हा प्रश्न नाण्याच्या मागणीबरोबर विचारला गेला पाहिजे.

हौसेच्या बाबतीतही बाईला वेगळी फूटपट्टी लागते. ठाण्यात राहणाऱ्या अंजली कुलकर्णी २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या आणि उतरताना त्यांचा मृत्यू झाला. माथ्याखाली माणसांची रांग लागली होती, तो फोटो त्या वेळी जगभर छापून आला. त्यांचा विषय आमच्या एका बैठकीत निघाला, तेव्हा एकीने लगेच विचारलं, "पन्नाशी उलटल्यावर कशाला जायचं बाईने?" रांग इतकी वाढली कशी, पैसे घेऊन किती जणांना वर सोडायचं याला काही धरबंध आहे की नाही, हे प्रश्न नंतर आले. पुरुष गिर्यारोहक गेला की आपण निसर्गाला, नशिबाला, व्यवस्थेला दोष देतो. बाई गेली की बाईलाच जाब विचारतो. बसखाली आलेल्या मुलीला 'एवढ्या उशिरा बाहेर कशाला होती?' असं विचारतात, त्यातलाच हा प्रकार. हे बोलणारी आपल्याच गटातली होती, म्हणून जास्त लागलं. त्यावर आम्ही त्या दिवशी तासभर बोललो, आणि ते बोलणं नाण्यापेक्षा महत्त्वाचं होतं असं मला वाटतं.

पैशांचंही बोलू. नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढायचा नुसता परवाना वसंताच्या हंगामात ११ हजार डॉलर होता, सप्टेंबर २०२५ पासून तो १५ हजार डॉलर झाला. बाकी खर्च वेगळाच. हे कोणाला परवडणार? सरकार मागे उभं राहिलं तर मात्र चित्र बदलतं. २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले विद्यार्थी एव्हरेस्टला पाठवले. पाचजण वर पोचले, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. पाचांत एक. आश्रमशाळांतल्या मुलींना अंथरूण, जेवण, सुरक्षितता नीट मिळते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण संधी आणि शिक्षण मिळालं की अंगात काय असतं ते बाहेर येतं, हेही त्यातून दिसलंच. आणि निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांचं पाहाल तर भारतीय गिर्यारोहण फाउंडेशनला पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. त्या हर्षवंती बिष्ट, १९८१ मध्ये नंदादेवीवर चढलेल्या तिघींपैकी एक.

नाण्याचा विषय निघाला की मला नाणेघाट आठवतो. नावातच नाणं आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे जायचा. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या बाजूने चढून गेलं की वर सातवाहनांची लेणी लागतात आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, तो अभ्यासक राणी नागनिकेचा मानतात. नवऱ्यामागे राहिलेली, मुलाच्या वतीने कारभार पाहणारी बाई आपण केलेल्या यज्ञांची आणि दानाची यादी देते. किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण. तिचं नाव राजाच्या नावाबरोबर चांदीच्या एका नाण्यावरही वाचलं गेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या घाटमाथ्यावर एका बाईचं नाव दगडावर आणि नाण्यावर आलं, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या यादीत घाट चढून माल वर आणणाऱ्या कोणाचंही नाव नाही. लेण्यात राजघराण्याचे पुतळे होते, आज त्यांचे फक्त पाय उरलेत. तिथे गेलात तर ते पाय बघा. मला तरी ते राजाराणीपेक्षा त्या वाटेने ओझी वाहणाऱ्यांचेच वाटतात.

नाण्यावर यायचं तर बाईने बहुतेक वेळा राणी असावं लागतं, पंतप्रधान असावं लागतं किंवा संत असावं लागतं. आपल्याकडे इंदिरा गांधींचं निघालं, संत अल्फोन्सांचं निघालं, मदर तेरेसांचं निघालं. राणी गाइदिन्ल्यूंचं २०१५ मध्ये निघालं. ३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाई होळकरांच्या तीनशेव्या जयंतीला तीनशे रुपयांचं नाणं प्रसिद्ध झालं. अहिल्याबाईंचा मान मोठाच आहे. पण तीनशे रुपयांचं नाणं कोणी भाजीवालीला देत नाही. अशी नाणी टांकसाळ डबीत घालून दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त भावाने विकते. त्यांचं प्रकाशन होतं, टाळ्या होतात, आणि ती कपाटात जातात. बाईचा सन्मान कपाटात ठेवायची आपल्याकडे सवयच आहे.

पण फिरणारं नाणंही काढता येतं. अल्फोन्सांचं पाच रुपयांचं नाणं सुट्ट्या पैशांत हातात येत असे. जून २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची चलनी नाणी निघाली. म्हणजे मनात असेल तर जमतं. दहाच्या नाण्याचं म्हणाल तर दुकानदार ते खोटं म्हणून नाकारत होते, आणि रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं, की चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत. फेरीवाल्या बायकांचं त्यात बरंच नुकसान झालं, हे आपल्याला माहीत आहे. नवीन नाणं निघेल तेव्हा ते ओळखायला शिकवण्याचं कामही आपलंच असेल.

तेव्हा निवेदनावर सही करायची तर ती तीन दुरुस्त्या करून करावी, अशी माझी सूचना आहे.

एक, नाणं पाच किंवा दहा रुपयांचं, चलनात फिरणारं असावं. डबीतल्या चांदीच्या नाण्यासाठी आपण सह्या गोळा करू नयेत.

दोन, त्यावर 'विजय' नको, 'वीरांगना' नको. एका दोराला बांधलेल्या स्त्रिया असाव्यात, आणि त्यातल्या एकीच्या पाठीवर ओझं असावं.

तीन, संग्राहकांसाठी डबीतली नाणी टांकसाळ काढेलच. त्या विक्रीतून जे शिल्लक राहील त्यातून कष्टकरी घरांतल्या मुलींच्या गिर्यारोहण प्रशिक्षणाचा खर्च व्हावा. उत्तरकाशीच्या संस्थेतला प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो. कंत्राटावर काम करणाऱ्या मुलीला २८ दिवसांची रजा मिळत नाही, गेली तर कामच जातं. म्हणून नुसती फी पुरणार नाही, बुडालेली मजुरीही धरावी लागेल.

आणि दिल्लीच्या उत्तराची वाट बघत बसायचंही कारण नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे महिला व बालकल्याणासाठी निधी असतो. तो वर्षानुवर्षं शिवणयंत्रं आणि मसाला कांडपाच्या यंत्रांवर जातो. त्याच निधीतून दर वर्षी वस्तीतल्या दहा मुलींना डोंगर चढायला शिकवा, अशी मागणी आपण आपापल्या प्रभागात करू शकतो. त्याच पत्रात पारसिकच्या चाळींना वरपर्यंत पाण्याची लाइन आणि दरडीपासून संरक्षक भिंत मागायची. दोन्ही मागण्या एकाच कागदावर असू देत. ज्या बाईला पाण्यासाठी डोंगर चढावा लागणार नाही, तिची मुलगीच कधीतरी हौसेने चढेल.

पुढच्या बैठकीत ही दुरुस्त केलेली मागणी मी मांडणार आहे. इतर गटांनीही चर्चा करून आपलं मत कळवावं. विरोधातलं असलं तरी चालेल, पण कळवावं.